"मामा, पॅच येईल" हे पोरांना शिकवलं कुणी?

प्रश्न : चवथीच्या सुट्टीत भाच्याला 4,999 रुपयांचा नवा गेम घेऊन दिला, तोही रिलीजच्या आधी बुक करून. डिस्क घातली तर आधी तासन्‌तास डाउनलोड, मग गेम मधेच बंद पडतो, सेव्ह केलेलं उडतं. मी चिडलो तर भाचा शांतपणे म्हणतो, "मामा, असंच असतं, दोन महिन्यांनी पॅच येतो." पॅच म्हणजे कंपनी नंतर पाठवते ती दुरुस्ती. गेमपेक्षा मला त्याचं हे बोलणंच जास्त लागलं. मी जुन्या काळात अडकलोय की खरंच काहीतरी बिघडलंय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बिघडलंय, आणि तुम्हाला ते दिसतंय कारण तुम्ही आधीचं बघितलंय. जुने गेम बिनचूक होते असं नाही हं, पण कार्ट्रिज, म्हणजे गेमची कॅसेट, एकदा बाजारात गेलं की दुरुस्तीची सोयच नव्हती, म्हणून तपासणी आधी व्हायची. घराघरात इंटरनेट आलं आणि ती तपासणी हळूहळू गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडली, वर पैसेही त्याच्याकडूनच घेऊन.

हे एका रात्रीत झालं नाही. 2006 मध्ये ऑब्लिव्हियन ह्या गेममध्ये घोड्याचं चिलखत वेगळं विकायला काढलं, अडीच डॉलरला. लोकांनी भरपूर टिंगल केली आणि घेतलंही. आज त्याच्या कितीतरी पट भावाचे गेममधल्या पात्रांचे नुसते कपडे विकतात आणि कुणी मान वर करून बघत नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो 2017 च्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 ह्या गेमचा. डार्थ वेडर हे पात्र खेळायला मिळायला 60,000 क्रेडिट्स, म्हणजे गेममधलेच पैसे, लागणार होते, म्हणजे खेळाडूंच्या हिशोबाने सुमारे 40 तास घासायचं, ते पण गेमचे पूर्ण पैसे भरल्यावर. बोंब झाली तशी कंपनीने ते 15,000 वर आणलं, मग खऱ्या पैशांनी गेममध्ये करायची खरेदीच बंद केली, आणि 2018 मध्ये फक्त कपड्यांपुरती परत सुरू केली. लोकांना वाटलं आपण जिंकलो. पण तुलना कशाशी केली बघा, आपल्याला काय मिळायला हवं होतं त्याच्याशी नाही, काल जे सर्वात वाईट होतं त्याच्याशी. सवय लागते ती इथेच.

सायबरपंक 2077 हा गेम डिसेंबर 2020 ला आला, जुन्या प्लेस्टेशनवर इतका वाईट चालायचा की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, परत घेतला जून 2021 मध्ये. पुढे तो खरंच चांगला झाला, त्या कामाचं मला कौतुकच आहे, पण पोरांनी त्यातून उचललं काय तर "शेवटी सुधारतातच ना". पहिल्या दिवशी ज्याने पैसे मोजले त्याचं काय?

आणि काही सुधारत नाहीत, सरळ बंदच होतात. 2014 चा द क्रू, एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचा, 31 मार्च 2024 ला तो बंद केला आणि विकत घेतलेला गेम गेला. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, 2025 मध्ये युरोपात तिला 10 लाखांवर सह्या मिळाल्या. म्हणजे सगळेच काही निमूट बसलेले नाहीत.

भाच्याला 2023 चा बाल्डर्स गेट 3 दाखवा. त्यातही बग, म्हणजे चुका, होत्या, पण आधी जवळपास तीन वर्षं तो अर्धवट आहे असं उघड सांगूनच विकला आणि पूर्ण झाल्यावर गेमच्या आत खरेदीचं दुकान थाटलं नाही. फरक त्याला लगेच कळेल.

पुढच्या वेळी आधी बुक करू नका, एवढं ऐकाच. पणजी मार्केटात आपण कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगडे घेत नाही, आणि इथे होडी समुद्रात असतानाच पैसे देऊन मोकळे होतो, डाउनलोडच्या गेमचा साठा काही संपत नाही तरीसुद्धा. पीसीवर खेळत असाल तर स्टीम ह्या ऑनलाइन दुकानात 14 दिवसांच्या आत, 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. तुमची डिस्क आहे, तेव्हा बिल जपा, गेम बंद पडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढा आणि दुकानदाराला लेखी द्या, त्याने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तक्रार भाच्यालाच लिहू द्या, तुम्ही नुसते शेजारी बसा.