नायिका, पण कुणाची? ‘फीमेल हिरो’साठी मराठी शब्द

प्रश्न असा आला आहे: ‘एलियन’, ‘टर्मिनेटर’, ‘स्टार वॉर्स’ अशा वर्षानुवर्षं चाललेल्या विज्ञानपटांच्या मालिकांवर मराठीत लेख लिहायचा आहे. त्यांतली ‘बिलिव्हेबल फीमेल हिरो’ कशी घडवली जाते, हा विषय. पण शब्दच सापडत नाही. ‘नायिका’ म्हटलं की हिरोची जोडीदार वाटते, ‘वीरांगना’ म्हटलं की घोड्यावरची राणी डोळ्यांपुढे येते, आणि ‘स्त्री-नायक’ हा परिपत्रकातला शब्द वाटतो. मग काय लिहायचं? ‘बिलिव्हेबल’ला ‘विश्वासार्ह’ चालेल का? सोबत ‘एलियन’मधल्या रिप्लेबद्दलचं नमुन्याचं एक वाक्यही दिलं आहे: ‘रिप्ले ही एक सशक्त आणि विश्वासार्ह वीरांगना असून तिच्यावर परग्रहावरील जीवाशी लढण्याची वेळ येते.’

आधी उत्तर देतो, मग कारणं. ‘नायिका’च लिहा. ‘विश्वासार्ह’ नको, ‘पटणारी’ लिहा. आणि नमुन्याच्या वाक्यात ‘वीरांगना’पेक्षा ‘वेळ येते’ हे शब्द जास्त घात करतात, त्यांच्याकडे खाली सविस्तर येऊ.

नायक आणि नायिका हे दोन्ही शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आले. पुढे नेणारा तो नायक, पुढे नेणारी ती नायिका. व्युत्पत्तीत काही उणं नाही. उणेपणा आला तो काव्यशास्त्राच्या वर्गवारीतून. तिथे नायक चार प्रकारचे: धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत. चारही प्रकार स्वभावावरून पाडलेले. नायिका आठ प्रकारच्या: स्वाधीनपतिका, वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, कलहांतरिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. हे आठही प्रकार प्रियकराशी नातं त्या घडीला कसं आहे, यावरून. तो परगावी गेला तर ती प्रोषितभर्तृका, संकेतस्थळी आलाच नाही तर विप्रलब्धा, दुसरीकडे रात्र काढून आला तर खंडिता. नायकाचेही दक्षिण, शठ असे प्रेमातल्या वागणुकीवरून केलेले प्रकार आहेत, हे मान्य. पण नायकाला स्वभावाची वेगळी वर्गवारी मिळाली आणि नायिकेची ओळख बहुतेक नात्यावरच राहिली. ‘नायिका’ शब्द ऐकताना जोडीदार आठवते याचं मूळ इतकं जुनं आहे. सिनेमाने त्यावर ‘अमक्या हिरोची हिरॉईन कोण होती?’ ही बोली चढवली.

तरी हा शब्द टाकून द्यायचं कारण नाही, कारण कादंबरीच्या चर्चेत मराठीने त्याचा अर्थ कधीच रुंदावला आहे. ‘कादंबरीची नायिका’ म्हटल्यावर तिचा नायक कोण, असं कुणी विचारत नाही. जिच्याभोवती गोष्ट फिरते ती, एवढंच समजतं. फरक षष्ठीचा आहे. ‘नायकाची नायिका’ म्हटलं की जोडीदार, ‘गोष्टीची नायिका’ म्हटलं की केंद्र. म्हणून लेखात पहिल्यांदा उल्लेख करताना ‘एलियनची नायिका’, ‘टर्मिनेटरची नायिका’ अशी षष्ठी कथेला जोडा. एकदा हे झालं की पुढे नुसतं ‘नायिका’ लिहिलं तरी वाचक चुकत नाही. ‘नायिकाप्रधान चित्रपट’ हा मात्र टाळा. ‘नायकप्रधान चित्रपट’ असं सहसा कुणी लिहीत नाही, कारण नायक प्रधान असणं गृहीतच धरलेलं असतं. ‘नायिकाप्रधान’ म्हटल्याने तो अपवाद आहे एवढंच पुन्हा सांगितलं जातं.

‘रिप्ले या मालिकेची नायक आहे’ असं लिहिता येईल का? कानाला खटकतं, आणि त्याला कारण आहे. ‘हरमनप्रीत भारतीय संघाची कर्णधार’ हे सहज चालतं, कारण कर्णधारला रुळलेलं स्त्रीलिंगी रूपच नाही. वैमानिक, सरपंच, कॅप्टन यांचंही तसंच. नायक, गायक यांना मात्र ‘-इका’चं रूप पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, म्हणून ‘ची नायक’ अडखळतं. ‘त्या लेखक आहेत’ आता बऱ्याच जणांना चालतं. ‘नायक’ अजून त्या वाटेला लागलेला नाही.

बाकीचे पर्याय पटकन पाहू. वीरांगना म्हणजे वीर अंगना, शूर स्त्री. शब्द चांगला आहे, पण त्याला इतिहासाचा आणि गौरवगीताचा वास आहे. मालवाहू यानावर नोकरी करणाऱ्या बाईला तो अंगापेक्षा मोठा होतो. शिवाय एका वेलांटीचा काना झाला की ‘वारांगना’ होते आणि तिचा अर्थ वेश्या, तेव्हा मुद्रितशोधनात डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. रणरागिणी हा मोर्चाच्या बातमीच्या मथळ्याचा शब्द. त्यात आवेश आहे, माणूस दिसत नाही. ‘नायक’ला ‘-ईण’ लावून ‘नायकीण’ करण्याचा मोह कुणाला झाला तर सावध: जुन्या मराठीत आणि गोव्याकडे नायकीण म्हणजे कलावंतीण. ‘मुख्य पात्र’ निर्धोक आहे, ‘प्रोटॅगनिस्ट’ म्हणायचं असेल तिथे खुशाल वापरा, पण त्यात पराक्रमाची छटा नाही.

आता ‘बिलिव्हेबल’. विश्वासार्ह म्हणजे जिच्यावर विसंबता येईल अशी: विश्वासार्ह बातमी, विश्वासार्ह सहकारी. पात्राबद्दल आपल्याला म्हणायचं असतं की ही बाई या जागी असं वागेल हे मनाला पटतं. मराठीत त्याला ‘पटणे’ हे नेमकं क्रियापद आहे. ‘नायिका पटते’, ‘नायिका पटत नाही’ असं सरळ लिहा. ‘सशक्त’चाही घोळ आहे. परीक्षणात ‘सशक्त व्यक्तिरेखा’ म्हणजे चांगली लिहिलेली, आणि बोलताना सशक्त म्हणजे अंगात बळ असलेली. ‘स्ट्राँग फीमेल कॅरेक्टर’चं भाषांतर करताना दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि दंड दाखवले की व्यक्तिरेखा झाली, असा समज होतो. सोसून न मोडणारी असेल तर कणखर म्हणा, भूमिकेवरून न हलणारी असेल तर खंबीर. ‘टर्मिनेटर’च्या १९९१च्या दुसऱ्या भागात सारा कॉनर पहिल्यांदा दिसते ती मनोरुग्णालयात, उभ्या केलेल्या खाटेच्या चौकटीला लटकून व्यायाम करताना. १९८४च्या पहिल्या भागातली वेट्रेस कुठे पोचली, हे त्या एका दृश्यातून कळतं. इथे सशक्तचा शब्दशः अर्थ लागू आहे. पण ती पटते ती पुढे: भविष्यातला संहार टाळायला ती डायसन या संशोधकाला मारायला जाते, गोळ्या झाडते, आणि बायको-मुलासमोर जमिनीवर पडलेला तो जवळून दिसल्यावर तिला चाप ओढणं जमत नाही. ‘तिला जमत नाही’ ही वाक्यरचना लक्षात ठेवा.

कारण मराठीतली खरी गंमत या रचनेतच आहे. मराठी कर्त्याला फार सहज चतुर्थीत किंवा ‘-वर’सारख्या शब्दयोगीमागे ढकलते: तिला लढावं लागतं, तिच्यावर वेळ येते, तिच्या वाट्याला संकट येतं, तिला भाग पडतं. व्याकरण अगदी शुद्ध, पण बाई क्रियेची धनीण राहत नाही. नायिकेबद्दलच्या मजकुरात ही रचना नकळत दाटते. लेख झाला की रंगीत पेन घेऊन एका पानावरची अशी वाक्यं मोजा. आणि मग सगळी पुसू नका! भीती, दुःख, थकवा, शंका चतुर्थीतच राहू द्या. ‘तिला भीती वाटते’ हे मराठीत तसंच असतं, आणि भीती न वाटणारी नायिका पटत नाही. निर्णय मात्र प्रथमेत किंवा ‘ने’ लावून: ती नकार देते, तिने दार बंद केलं. भीती तिला वाटते, निर्णय ती घेते.

१९७९च्या ‘एलियन’मधलं दृश्य याच कसोटीला लावून बघा. डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांच्या सुरुवातीच्या पटकथेतच टीप होती की यानावरची सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष, कुणीही करू शकेल. तेव्हा रिप्लेचं नावही रिप्ले नव्हतं. पडद्यावर सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारतात. कॅप्टन डॅलस आणि लँबर्ट जखमी केनला घेऊन दाराशी येतात. त्याच्या चेहऱ्याला परका जीव चिकटलेला. डॅलस आणि केन यानाबाहेर असल्याने आत रिप्ले सर्वांत वरिष्ठ. नियम चोवीस तास वेगळं ठेवण्याचा. कॅप्टन आत घे म्हणतो, ती नाही म्हणते. दार यानावरचा विज्ञान अधिकारी अ‍ॅश उघडतो, आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. तिने कुणाला मारलेलं नाही, शस्त्र हातात नाही. नियम माहीत असणं आणि डोळ्यांसमोर माणूस मरत असताना तो पाळणं, एवढ्यावर अभिनेत्री सिगर्नी वीव्हरची रिप्ले उभी राहते.

हे संवाद मराठीत आणून पाहिले की एक सुंदर गोष्ट हाती लागते. ‘मी दार उघडणार नाही.’ ‘मी तुम्हाला आत घेऊ शकत नाही.’ ‘तो आत आला तर सगळे मरतील.’ ‘मी तुमचं म्हणणं ऐकलं.’ यांतल्या एकाही वाक्यातून बोलणारी बाई आहे की पुरुष, ते कळत नाही. मराठी क्रियापदाला लिंग चिकटतं असं आपण समजतो, पण ‘-णार’, भविष्यकाळ, आज्ञार्थ, ‘शकत नाही’ आणि सकर्मक भूतकाळ ही रूपं कर्त्याचं लिंग दाखवत नाहीत. दाखवतात ती ‘घाबरले’, ‘थांबले’, ‘उघडते’, ‘शकते’. म्हणजे हुकूम, नकार आणि निश्चय ही रिप्लेची कामाची वाक्यं मराठीत आपोआप उभयलिंगी राहतात, आणि ओबॅननची टीप आपल्या भाषेतही बरीचशी पाळता येते. अपवादही आहेत: शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात, ती शिकली, तो विसरला. आणि आडनाव आडनावच राहू द्या. पुरुषांना डॅलस, पार्कर आणि तिला ‘एलेन’ असं लिहिलंत तर पटकथेने दिलेली बरोबरी लेखातून निसटते.

शिकण्यावरूनच लांबलेल्या मालिकेचा मुख्य धोका आठवतो. १९८६च्या दुसऱ्या भागात, ‘एलियन्स’मध्ये, रिप्ले शेवटी माल उचलणाऱ्या यंत्र-सांगाड्यात, म्हणजे लोडरमध्ये बसून परक्या जीवांच्या राणीशी भिडते. ते पटतं, कारण आधी दोनदा पेरलं आहे: ती गोदीत लोडर चालवते असा उल्लेख सुरुवातीला येतो, आणि सैनिकांच्या जहाजावर ती ‘मला हे चालवता येतं’ म्हणून पेटी उचलून दाखवते. उल्लेख, प्रात्यक्षिक, मग कसोटी. यातली मधली पायरी गाळली तर प्रेक्षक ‘हे हिला कधी आलं?’ असं विचारतोच. त्या तक्रारीला इंग्रजीत ‘मेरी सू’ म्हणतात. हे नाव १९७३मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या कथांवर केलेल्या विडंबनातून आलं. त्यातली लेफ्टनंट मेरी सू साडेपंधरा वर्षांची आणि सगळ्यातच तरबेज. मराठीत वेगळा शब्द शोधायला नको, ‘सर्वगुणसंपन्न’ आहेच. तो लग्नाच्या जाहिरातींत वापरून गुळगुळीत झाल्यामुळे अशा पात्राचा पोकळपणाही बरोबर सांगतो. मात्र जपून वापरा. ‘स्टार वॉर्स’च्या २०१५च्या भागातली रे जुन्या जहाजांचे सुटे भाग काढून, ते विकून पोट भरते, म्हणून तिने बिघडलेलं यान दुरुस्त केलेलं पटतं. मनावर ताबा मिळवायची शक्ती तिला इतक्या लवकर वश होते, तिथे पायरी कमी पडली, हे म्हणणं योग्य आहे. सगळ्या रेलाच सर्वगुणसंपन्न म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं.

आपल्याकडे या कसोटीला उतरणारा शब्द आहे तो ‘हिरकणी’. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून गवळण कडा उतरली, अशी आख्यायिका. दरवाजा, कडा, मूल, सगळं नेमकं आहे, म्हणून ती पटते. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ असतो तो तिच्याच नावाने. ‘एलियन्स’मध्ये न्यूट या मुलीसाठी रिप्ले एकटी परत खाली जाते त्या प्रसंगाला ‘हिरकणीसारखी’ ही उपमा मराठी वाचकाला चटकन लागेल. पण एकदाच वापरा, आणि त्या प्रसंगापुरतीच; पहिल्या भागातली रिप्ले आई म्हणून नव्हे, अधिकारी म्हणून नकार देते.

तर नमुन्याचं वाक्य असं होईल: ‘“एलियन”ची नायिका रिप्ले कॅप्टनसाठीसुद्धा यानाचं दार उघडत नाही, आणि त्या क्षणापासून ती आपल्याला पटते.’ ‘सशक्त’ आणि ‘वीरांगना’ दोन्ही गेले, ‘वेळ येते’ गेलं. ‘कॅप्टनसाठीसुद्धा’ हा शब्द लांब वाटला तरी काढू नका, नकाराचं वजन त्यातच आहे.