परदेशी समजून डांबलं, तर जाब कुणाला विचारायचा? – वाचकांची प्रश्नोत्तरे

बांगलादेशी असल्याच्या संशयावरून होणारी धरपकड, नागरिकत्वाचे कागद आणि निवडणुकीतली भाषणं यांबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच निवडले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या बांधकामावर पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचे सेंट्रिंगवाले आहेत. त्यांतल्या दोघांना काल संध्याकाळी पोलीस घेऊन गेले. ‘चौकशीसाठी बसवलंय’ म्हणतात, फोन बंद आहेत. सगळ्यात आधी काय करायचं? – एक ठेकेदार, येळ्ळूर

आधी ते कुणाच्या ताब्यात आहेत हे पक्कं करा. बेळगाव शहराची ठाणी पोलीस आयुक्तांकडे आहेत, जिल्ह्यातली बाकीची पोलीस अधीक्षकांकडे. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला की पहिला दिवस वाया जातो, आणि या कामात पहिलाच दिवस महत्त्वाचा असतो.

अर्ज एका पानाचा असावा, दोन प्रतींत. दोघांची नावं, मूळ गाव, कुठून आणि किती वाजता नेलं, गाडीचा नंबर, समोर कोण होतं, एवढं लिहा. खाली तीन मागण्या घाला: कोणत्या कलमाखाली ताब्यात घेतलं ते सांगा, अटकेची कारणं लेखी द्या, आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्यात पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी आयुक्त किंवा अधीक्षकांना ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं पाठवा. पुढे कोर्टात उभं राहायचं झालं, तर वेळ पडताळून पाहण्यासाठी हाच कागद हाताशी असतो. तोंडी विनंत्या कितीही केल्या तरी त्यांची नोंद कुठेच राहत नाही.

या मागण्यांना आधार आहे. संविधानाचं कलम २२ नागरिक आणि परदेशी असा भेद न करता ‘व्यक्ती’ला लागू आहे (शत्रूराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धता वगळून). प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार अटकेचा पंचनामा आणि त्यावर साक्षीदाराची सही लागते, कलम ४८ नुसार नातेवाइकाला कळवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे की, अटकेची कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत, लेखी द्यायला हवीत. तुमच्या माणसांना कन्नड वाचता येत नसेल तर कन्नडमधल्या कागदावर घेतलेल्या सहीवर हरकत घ्या. सीसीटीव्हीबद्दल २०२० चा निकाल आहे: चित्रण १८ महिने, तशी सोय नसेल तर निदान वर्षभर ठेवायचं. तरीही पहिल्याच दिवशी लेखी मागा, कारण ‘यंत्र बंद होतं’ हे उत्तर मागाहूनच येतं.

मूळ कागद पोलिसांच्या हातात देऊ नका. प्रती द्या, मूळ फक्त दाखवा. पोच न घेता दिलेलं आधार किंवा मतदार ओळखपत्र परत मिळवता मिळवता आठवडे जातात आणि तोवर माणूस ‘कागद नसलेला’ ठरतो.

त्याच दिवशी त्यांच्या मूळ जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना कागदांच्या प्रती पाठवा. माणूस भारतीय आहे की नाही याची पडताळणी मूळ जिल्ह्याकडून होते. केंद्रीय गृह मंत्रालयानं मे २०२५ मध्ये त्यासाठी ३० दिवसांची मुदत घातली. मूळ जिल्ह्यातून उत्तर आलं नाही तर माणसाला बाहेर काढण्याची वाट मोकळी होते. म्हणजे तिकडच्या एका टेबलावर अडकलेली फाईल इथल्या माणसाला देशाबाहेर घालवू शकते. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातून धरलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना बांगलादेशात ढकललं आणि मग परत आणावं लागलं. ते भारतीय होते, हे ढकलायच्या आधी कुणी नीट तपासलं नव्हतं.

वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लावा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २४ तास उलटले आणि कोर्टात नेलं नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा (ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा) अर्ज करा. तो मित्र किंवा मालकही करू शकतो. बेळगाव जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे. माणूस चंदगडला किंवा सावंतवाडीला नेला असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, गोव्यात असेल तर पर्वरीतलं गोवा खंडपीठ. मात्र दंडाधिकाऱ्यानं एकदा रीतसर कोठडी दिली की हेबियस कॉर्पस सहसा टिकत नाही. मग जामिनाचा मार्ग धरावा लागतो. म्हणून उशीर नको.

आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं आहे. जन्म चंदगड तालुक्यातला, पण दाखल्यावर ‘जिल्हा बेळगाव’. उद्या कुणी विचारलं तर हे कागद टिकतील का? – निपाणी

टिकतील, पण नीट जुळवून ठेवा. सीमाभागात ही अडचण घरोघरी आहे आणि त्यात तुमची चूक काहीही नाही. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, राज्यपुनर्रचनेत ते कोल्हापूरला गेलं. बेळगाव स्वतः मुंबई राज्यात होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. निपाणी तालुकाही अलीकडचा, जुन्या कागदांवर तो ‘ता. चिक्कोडी’ असतो. एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे दाखले तीन राज्यांचे दिसतात ते यामुळे. हा क्रम एका कागदावर लिहून फाईलच्या वरच लावा. परगावच्या अधिकाऱ्याला तो माहीत असेल असं धरून चालू नका.

नावाच्या फरकाबद्दल ११ जुलै २०२४ चा आसाममधल्या रहीम अली प्रकरणाचा निकाल हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, स्पेलिंग आणि तारखांतल्या किरकोळ तफावतीवरून माणूस परदेशी ठरत नाही. शिवाय नुसता आरोप करून भागत नाही, संशयाला काहीतरी ठोस आधार प्रशासनाला द्यावा लागतो. निकाल लागला तेव्हा रहीम अली हयात नव्हते. न्याय मिळाला, पण तो ऐकायला माणूस उरला नाही. म्हणून तर कागदांची एवढी कटकट आधीच करून ठेवायची.

कायद्यात आजही परदेशी नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच आहे. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याच्या जागी आलेल्या, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यानंही ती बदललेली नाही. काय सिद्ध करायचं ते जन्मतारखेवर ठरतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म झाला असेल तर जन्माचा पुरावा पुरतो. १ जुलै १९८७ पासून पुढे आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे. आधार यातल्या कशाचाच पुरावा नाही, आधारच्या कायद्यातच तसं लिहिलं आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन पिढ्या जोडणाऱ्या कागदात. आजोबांचा उतारा आहे, नातवाचा जन्मदाखला आहे, पण मधला माणूस कुठेच नाही. वडिलांचं नाव असलेला शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, वारसा नोंद झालेला जमिनीचा उतारा, एकाच घर क्रमांकाखाली बाप-लेकाची नावं असलेली जुनी मतदार यादी, यांतलं काहीतरी मिळवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडचण याहून मोठी असते. त्यांच्या माहेरच्या शाळेचा दाखला आधी काढा. ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायला हरकत नाही, पण एकट्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. ते स्वतःच स्वतःबद्दल सांगितलेलं असतं.

आमदार म्हणतात केंद्राचं काम, खासदारांची माणसं म्हणतात पोलीस राज्याचे. मत मागायला मात्र दोघंही येतात. नेमका जबाबदार कोण? – खानापूर

दोघंही. परदेशी माणसाला शोधणं, बाहेर काढणं हा अधिकार केंद्राचा. पण १९५८ मध्ये संविधानाच्या कलम २५८ खाली केंद्रानं तो राज्यांनाही सोपवला. त्यामुळे ठाण्यात बसवून ठेवलं याचा जाब राज्याच्या गृहखात्याला आणि ३० दिवसांच्या मुदतीचा जाब केंद्रीय गृह मंत्रालयाला द्यावा लागतो. नेलमंगलाजवळ सोंडेकोप्पा इथलं स्थानबद्धता केंद्र राज्य सरकार चालवतं.

खानापूरकरांनी एक ध्यानात ठेवावं: खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडात येतात. बेळगावच्या खासदारांच्या दारात जाऊन उपयोग नाही.

उमेदवाराला ‘तुम्ही आमच्या पाठीशी राहाल ना’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणायला काहीच पडत नाही. आमदाराकडून बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न मागा: जिल्ह्यात परदेशी असल्याच्या संशयावरून किती जणांना ताब्यात घेतलं, किती जणांना २४ तासांत कोर्टात नेलं, किती जण शेवटी भारतीय निघाले, आणि त्याबद्दल कोणत्या अधिकाऱ्यावर काय कारवाई झाली. शेवटचे दोन आकडे कुठलंही सरकार आपणहून देत नाही. प्रचारात ‘इतके घुसखोर पकडले’ एवढंच सांगितलं जातं, चुकून किती धरले ते कुणी सांगत नाही. माझ्या मते मत देण्यापूर्वी मागायची गोष्ट हीच आहे.

हे बाहेरच्या देशांतही घडलं आहे. ऑस्ट्रेलियात २००४-०५ मध्ये कायदेशीर रहिवासी असलेल्या एका आजारी बाईला बेकायदा आलेली समजून दहा महिने डांबलं. जुलै २००५ च्या पामर अहवालानं खात्याच्या कामाची पद्धतच दोषी ठरवली. नुकसानभरपाई द्यावी लागली, मंत्री मात्र पदावर राहिल्या. ब्रिटनमध्ये विंडरश प्रकरणात (कॅरिबियन देशांतून कायदेशीर आलेल्या जुन्या रहिवाशांना बेकायदा ठरवलं होतं) एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना जावं लागलं आणि भरपाईची योजना आली.

भावाला नऊ दिवस डांबून मग ‘चूक झाली’ म्हणून सोडलं. मजुरी बुडाली, गावात नाव खराब झालं. भरपाई मिळते का? – शहापूर, बेळगाव

मिळते, पण मुदती फार आखूड आहेत. सुटल्याची तारीख आधी लिहून ठेवा. बेकायदा कैदेबद्दल दिवाणी दावा सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो. त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. शिवाय कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम १७० आडवं येतं: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. तिथेच बरीच प्रकरणं थांबतात.

म्हणून भरपाईसाठी धारवाडला रिट (मूलभूत हक्क मोडल्याबद्दल थेट उच्च न्यायालयात अर्ज) करणं जास्त सोयीचं. रुदुल साह प्रकरणात, निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या माणसाला, सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये एकूण ३५,००० रुपये देववले. १९८५ मध्ये काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना विधानसभेत जाण्यापासून अडवण्यासाठी अटक केली होती. त्यांना ५०,००० रुपये मिळाले. रिटसाठी ठरावीक मुदत नाही, पण उशीर झाला की कोर्ट कारण विचारतंच.

मानवी हक्क आयोगाकडेही एका वर्षाच्या आत जा. राज्य आयोगाकडे तक्रार चालू असताना राष्ट्रीय आयोग ती घेत नाही, तेव्हा एकच दार निवडा. कागद मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार आहे: फी १० रुपये. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. ठाण्याची दैनंदिनी, अटकेचा पंचनामा, मूळ जिल्ह्याशी झालेला पत्रव्यवहार यांसाठी तीन वेगळे अर्ज करा. एकत्र केलेला अर्ज त्याच कारणावरून परत येतो. माणूस अजून कोठडीत असेल तर अर्जावर ‘जीवित व स्वातंत्र्य’ असं ठळक लिहा, उत्तर ४८ तासांत द्यावं लागतं. मजुरीचा हिशेब मुकादमाकडून सही करून घ्या. तो नसेल तर कोर्ट अंदाजानं रक्कम ठरवतं आणि अंदाज कमीच असतो.

गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांविरुद्ध कुणीतरी ‘हे इथले नाहीत’ म्हणून फॉर्म ७ (मतदार यादीतलं नाव काढा, असा अर्ज) भरलेत. नावं कापली जातील का? आणि कोठडीत असलेल्याला मत देता येतं का? – चिक्कोडी

नोटीस आणि सुनावणीशिवाय नाव कापता येत नाही. यादीत आधीपासून असलेल्या माणसाचं नागरिकत्व गृहीत धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या लाल बाबू हुसेन निकालात सांगितलं आहे. मात्र नोटिशीच्या तारखेला गैरहजर राहू नका. कामाला परगावी असाल तर आधी लेखी कळवा. हरकत कुणी घेतली त्याची यादी मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे मागा. खोटं निवेदन करणाऱ्याला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि एकाच हातानं पंचवीस फॉर्म भरलेले दिसले तर ते तक्रारीत नोंदवा. नाव कापलंच तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही म्हटलं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत किंवा तुरुंगात असताना मत देता येत नाही, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्याला देता येतं. पण मत देता आलं नाही म्हणून यादीतलं नाव जात नाही. सुटून आल्यावर ‘तुमचं नाव गेलं, फॉर्म ६ भरा’ (म्हणजे नव्यानं नोंदणी करा) असं कुणी सांगितलं तर फॉर्म भरू नका. आधी नाव कोणत्या आदेशानं काढलं, त्याची प्रत मागा.