मोकळा हात औरंगजेबालाही होता

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदार, मुक्काम देवळाली कॅम्प, नाशिक.

प्रश्न : व्हिएतनाम काय, अफगाणिस्तान काय, विमानं-पैसा सगळं असून अमेरिकेला हात हलवत परत यावं लागलं. आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, की पुढाऱ्यांनी फौजेला मोकळा हात दिला नाही. तुम्ही श्रीलंकेत शांतिसेनेत होतात. तुमचंही हेच मत आहे का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : १९८८ साली विचारलं असतंत, तर तुमच्या कट्ट्यावर सगळ्यात मोठ्यानं मीच बोललो असतो. आता नाही बोलत.

लांब कशाला जा, आपल्याच मुलखातला दाखला घ्या. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरला मेला. सव्वीस वर्षं. ना संसद, ना निवडणूक, ना सकाळी दारात पडणारा पेपर. खजिना त्याचा, फौज त्याची, हुकूम त्याचा. जिद्द म्हणाल तर ऐंशी ओलांडल्यावरही गडी स्वतः गडांच्या वेढ्यावर हजर. इतका मोकळा हात जगात कुणाला मिळाला असेल? १६८९ साली संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं, तरी राज्य तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावर गेलं. जिंजी घ्यायला आठ वर्षं लागली आणि ती पडली तेव्हा राजाराम महाराज निसटलेले होते. १७०० साली ते वारले, तर ताराबाई उभ्या राहिल्या. गड पैसे मोजून ताब्यात घ्यायचा, फौज पुढे सरकली की मराठे मागून पुन्हा वर चढायचे. बादशहाला प्रत्येक गड राखायचा होता, मराठ्यांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरायचा होता. त्याच्या लेखी आपण बंडखोरच होतो, हे आपण सोयीनं विसरतो.

अमेरिकेचं वेगळं काय झालं? १९६९ मध्ये व्हिएतनामात त्यांचे पाच लाख चाळीस हजारांवर सैनिक होते. त्याआधी, १९६८ मध्ये टेटला, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाला, कम्युनिस्टांनी केलेल्या हल्ल्यात समोरच्याची माणसं खच पडावा तशी पडली, म्हणजे मैदानात अमेरिकाच जिंकली. पण तिच्या लोकांना आदल्या वर्षी सांगून ठेवलं होतं, की आता शेवट दिसायला लागलाय. मग टीव्हीवर सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात गोळीबार दिसल्यावर घरी बसलेला माणूस काय समजेल? फौज मात्र प्रेतं मोजत राहिली. ही खोड आम्हा तोफखान्यावाल्यांनाही आहे. आज किती राउंड टाकले, हे रात्री वर कळवायचं. ते कुणाच्या ओसरीवर पडले, याला फॉर्ममध्ये रकाना नसतो.

अफगाणिस्तानात तर कमालच. डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी तीस हजार जादा सैनिक पाठवतो म्हणून जाहीर केलं आणि त्याच भाषणात जुलै २०११ पासून परत आणायला लागू, हेही सांगून टाकलं. घर भाड्यानं देताना भाडेकरूच्या देखत ‘मी दोन वर्षांत विकणार आहे’ म्हणावं, तसं. भाडेकरू रंगरंगोटी करील का? गावच्या मुखियानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, हे त्या दिवशीच ठरून गेलं. काबूल १५ ऑगस्ट २०२१ ला पडलं.

आता माझं सांगतो. उत्तर श्रीलंकेत, जाफन्याच्या बाजूला आमच्या बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या, तोफा ताडपत्रीखाली होत्या आणि आम्ही तोफची लोक रायफल घेऊन रोज पहाटे रस्ता उघडायला जायचो. आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी, म्हणतात त्याला : सुरुंग नाहीत ना, हे बघत जायचं. सहा किलोमीटर पायी. मोरी आली की ओणवं होऊन खाली बघायचं, वायर शोधायची. दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, पलीकडे कोण आहे कळायचं नाही. एका वळणावर एक म्हातारा सायकल दुरुस्तीचं दुकान उघडून बसायचा. आम्ही गेलो की मान हलवायचा. एका सकाळी दुकान बंद. आमच्या नायब सुभेदारसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना जागीच बसवलं. पुढच्याच मोरीत स्फोटकांचा डबा सापडला.

दोन दिवसांनी म्हातारा पुन्हा दुकानात. दुभाष्यामार्फत विचारलं, तुला ठाऊक होतं ना? तो ट्यूबवर लावलेलं सोल्युशन फुंकत राहिला. ठिगळ चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं, आणि मग त्यानंच विचारलं, ‘तुम्ही परत कधी जाणार?’

याचं उत्तर साहेबांकडे नव्हतं, ब्रिगेडकडे नव्हतं आणि माझ्या मते दिल्लीकडेही नव्हतं. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आम्ही गेलो ते तमिळ वाघांची (एलटीटीई) शस्त्रं गोळा करायला. ऑक्टोबरात लढाई पेटली ती त्याच लोकांशी. १९८९ मध्ये कोलंबोत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, ते म्हणाले निघा. त्यांच्या सरकारनं तर आमच्याशी लढणाऱ्या वाघांनाच हत्यारं पुरवली. वर्षअखेर दिल्लीतलं सरकार बदललं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली. सुमारे १२०० जवान तिथे मारले गेले. मद्रासच्या बंदरावर तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला फिरकले नाहीत. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीला जड हत्यारं वापरू नका असे हुकूम होते आणि आम्ही शिव्या घालायचो. पण मोकळा हात मिळाला असता तर काय झालं असतं? त्या म्हाताऱ्याचं दुकान उडालं असतं, मोरीतली वायर तिथेच राहिली असती. आम्ही जाणार आणि बाकीचे राहणार, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. राजकीय इच्छाशक्ती म्हणतात ती मला त्याच्या प्रश्नात दिसते : काय मिळालं की थांबायचं हे आधी ठरवायचं, आणि तोवर टिकून राहायची तयारी ठेवायची. मलायात (आजच्या मलेशियात) कम्युनिस्टांच्या बंडाशी लढताना इंग्रजांनी ते केलं. १९४८ ते १९६०, बारा वर्षं. पाचेक लाख लोकांना उचलून तारेच्या कुंपणातल्या नव्या गावांत नेऊन वसवलं (याला मी चांगलं म्हणत नाही), पण सोबत स्वातंत्र्य द्यायचं कबूल केलं आणि १९५७ मध्ये दिलंही. बंडवाल्यांच्या हातातला मुद्दाच गेला. तिथले बंडवाले मुख्यतः चिनी समाजातले, मलाय शेतकरी त्यांच्यापासून लांब, म्हणून ते जमलं. तोच कित्ता व्हिएतनामात गिरवायला गेले आणि फसले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे, गडचिरोलीत होता. टीव्हीवर सांगतात नक्षलवाद संपला. आई विचारते, खरं का? (एक भगिनी, सातपूर)

उत्तर : ताई, आईंना सांगा, पूर्वीची धास्ती आता नाही. मे २०२५ मध्ये छत्तीसगडच्या अबूझमाडात माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरात त्यांचा बडा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. पण हे काही एका वर्षाचं काम नव्हे. गडचिरोली पोलिसांचं सी-६० पथक १९९० सालचं आहे. तिथलीच पोरं, माडिया-गोंडी बोलणारी. आम्हाला जाफन्यात दुभाष्या लागायचा, त्यांना लागत नाही. फरक तिथे पडतो.

शरण आलेल्यांचं पुढे काय करतात, याकडे मात्र लक्ष ठेवा. मिझोराममध्ये बंड झालं तेव्हा, मार्च १९६६ मध्ये, आपल्याच हवाई दलानं ऐजॉलवर बॉम्ब टाकले, गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला नेली. वीस वर्षं गेली. ३० जून १९८६ ला करार झाला आणि ज्याच्याशी लढलो, त्या लालडेंगाला मुख्यमंत्री केलं. दिल्लीत बसून ती सही करणं हे बॉम्ब टाकण्यापेक्षा अवघड होतं, असं मला वाटतं. कोणत्याही पुढाऱ्याला त्यासाठी टाळ्या मिळत नाहीत. मिझोराम आजही शांत आहे.

प्रश्न : नाशिकजवळच्या रामशेज गडावर मोगलांच्या वेढ्यात लाकडाच्या तोफा होत्या हे खरं आहे का? आमचे सर म्हणतात खरं, बाबा म्हणतात थाप. (इयत्ता आठवी, दिंडोरी)

उत्तर : बाळा, सर बरोबर. गडावर लोखंडी तोफ नव्हती, म्हणून झाडाचे बुंधे पोखरून त्यावर चामडं मढवून तोफा केल्या, असं खुद्द मोगलांच्या बाजूच्या खाफीखानानं लिहून ठेवलंय. शत्रूनं लिहिलेली तारीफ सहसा खोटी नसते. आता तोफची म्हणून माझं मत ऐक. अशी नळी फार बार सोसणार नाही, लवकर फुटेल. पण अंधारात आवाज झाला की खाली छावणीत झोप उडते. मोगलांनी समोर उंच लाकडी दमदमा (तोफा चढवायचा मनोरा) उभा केला, सरदार बदलले, तरी पाच वर्षं गड हलला नाही. शेवटी पैसे चारून घेतला.

आशेवाडीतून वर जायला तासभर लागतो. बाबांना घेऊन जा आणि पाणी खालूनच भरून ने.