वेग म्हणजे इमान नव्हे

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. थ्रोडाउन या अमेरिकन बँडचा 'व्हेनम अँड टीअर्स' हा अल्बम ऐकून तुमचा ड्रमर म्हणतो आपणही असं संथ, जड वाजवू, बाकीचे दोघे म्हणतात हा हार्डकोरशी, म्हणजे आपल्या वेगवान, ओरडून गायच्या पंकशी दगा आहे, आणि तू विचारतेस, बँड सोडू का?

सोडू नकोस. आधी त्यांचे अल्बम क्रमाने ऐक. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा हा बँड. 2003 चा 'हेमेकर' म्हणजे निखळ हार्डकोर, सगळ्यांनी मिळून ओरडायच्या ओळी आणि अंगावर येणारे ब्रेकडाउन, म्हणजे मध्येच लय उतरवून वाजवलेले जड तुकडे. 2005 च्या 'व्हेंडेटा'त रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, जड व्हायला लागतात. 2007 मध्ये 'व्हेनम अँड टीअर्स' येतो आणि टेक्सासचा मेटल बँड पॅन्टेरा आठवल्याशिवाय राहत नाही. थ्रोडाउनचा गायक डेव्ह पीटर्सचा आवाज कधीकधी पॅन्टेराचा गायक फिल अ‍ॅन्सेल्मोच्या इतका जवळ जातो की मलाही खुपतं. नक्कल म्हणायची तर म्हण, मी वाद घालणार नाही. पण दगा? दारू-सिगारेट-ड्रग्जपासून लांब राहायचं, हा स्ट्रेट एज या हार्डकोरमधल्या पंथाचा शब्द त्यांनी लय उतरवली म्हणून टाकून दिला नाही. वेग म्हणजे इमान नव्हे.

आणि हळू वाजवणं सोपं आहे, हे तुला कुणी सांगितलं? ठाय लयीत तबलजी उघडा पडतो, तसंच आहे हे. वेगात चूक वाहून जाते. ग्रूव्हमध्ये, म्हणजे अशा संथ जड ठेक्यात, तळहाताने तारा दाबून रिफ तोडतेस, तेव्हा दोन आघातांमधली मोकळी जागा वाजते. ती जागा केसभर पुढेमागे झाली की सगळं वजन गेलं. ड्रमची किक आणि तुझा उजवा हात एकत्र पडले तरच मान आपोआप हलते. तुझा उजवा हात घाई करतो. मागेही सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस.

माझंही ऐक. आमच्या बँडमधला बेस वाजवणारा मुलगा असाच एक संथ रिफ घेऊन आला होता. मी त्याला सगळ्यांसमोर 'विकला गेलास' म्हणालो. आमच्याकडे विकण्यासारखं काय होतं? भाड्याची एक खोली आणि फाटका अ‍ॅम्प. तो पुन्हा आला नाही. चार महिन्यांत बँड संपला. तो रिफ मला अजून येतो, पूर्ण येतो, आणि तो चांगला होता.

तरी तेव्हा मी अगदीच चुकलो असं मला आजही वाटत नाही. आमच्या शहरात असं वाजवणारे मोजके होतो, आणि एक जरी बदलला तरी सगळं हातचं जाईल अशी भीती होती. ती खरी होती. पण भीतीला मी तत्त्व म्हणत राहिलो. तुमचे ते दोघे नेमकं हेच करतायत. म्हणून पुन्हा सांगतो, वेग म्हणजे इमान नव्हे. गाण्यात काय म्हणताय ते बदललं, तर मला रात्री दीडलाच फोन कर, मी उठेन.

रविवारी प्रॅक्टिसला ड्रमरचा रिफ घ्या. क्लिक, म्हणजे मेट्रोनोम, मिनिटाला 90 ठोक्यांवर. वीस मिनिटं तेवढंच, मध्ये कुणी बोलायचं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठव, आणि त्या दोघांनाही वाजवायला लाव.