मतदार नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर उमेदवारांच्या हाती लागतो का?

फॉर्म ६ मध्ये मोबाइल आणि आधार दिलं तर ते उमेदवारांपर्यंत जातं का, आणि माहिती लपवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. मतदार यादीत या दोन्हींपैकी काहीच छापत नाहीत. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, ओळखपत्राचा क्रमांक एवढं मात्र असतं आणि ते लपत नाही; यादी सार्वजनिकच आहे.

मग फोन येतात कुठून? आमच्याकडचं सांगतो. माझी बहीण सासर सोडून आमच्याकडे राहायला आली. नाव इथे नोंदवताना तिने नात्याच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं. महापालिकेच्या निवडणुकीआधी तिला एका कार्यकर्त्याचा फोन. "ताई, वडिलांचं नाव लावलंय, मिस्टर कुठे असतात? त्यांचंही नाव इथे आणून देतो." बिचारा मदतच करत होता! पण तिने त्यानंतर अनोळखी नंबर उचलणं बंद केलं.

नाव-पत्ता त्याला प्रभागाच्या यादीतून मिळाला; ती विधानसभेचीच यादी फोडून केलेली असते. नंबर मात्र आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी दिला. सभासदांच्या आणि कुटुंबीयांच्या नंबरांची वही, झेरॉक्स काढून. जाब विचारला तर म्हणाले, "यादी पब्लिकच असते, नंबर दिला तर काय बिघडलं?"

अहो, यादी कायद्याने उघडी आहे, तुमच्या टेबलातली वही नाही. उमेदवाराच्या ॲपमध्ये दोन्ही जोडल्या की कोण कुणाकडे राहतं ते गल्लीभर कळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शोधता येईल अशा स्वरूपात यादी देण्याची मागणी फेटाळली, म्हणून ती चित्ररूपात मिळते; पण चित्रातली अक्षरं वाचणारी सॉफ्टवेअर आता कुणाकडे नाहीत?

तर नंबर निवडणूक आयोगाला बिनधास्त द्या, नाहीतर ई-ओळखपत्र डाउनलोड करताना अडाल. आधार क्रमांक कळवायचा फॉर्म ६ब ऐच्छिक आहे, तसं आयोगानेच २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय. आणि हो, यादी बंद करा असं माझं म्हणणं नाही. दुबार आणि मयत नावं लोकांना दिसतात म्हणून तर नाव वगळण्याचे फॉर्म ७ भरले जातात.

पण सोसायटीच्या सभेत ठराव घ्याच: वही लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. आमच्याकडे मी मांडला, मंजूर झाला. विरोधात एकच हात होता, कुणाचा ते सांगायला नको.