कॉन्ट्रास्टला ‘विरोधाभास’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये मराठी भाषा निवडली की ‘कॉन्ट्रास्ट’च्या जागी ‘विरोधाभास’ दिसते. हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘टोन’ला काय म्हणावे?

माझ्या मते ‘विरोधाभास’ इथे साफ चुकीचा आहे. विरोधाभास म्हणजे विरोधाचा आभास. वरवर पाहता दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात, पण अर्थ नीट लावला की विरोध उरत नाही. ‘त्याचे मौन फार बोलके होते’ हे वाक्य त्या जातीचे. म्हणूनच हे एका अलंकाराचे नाव आहे. फोटोतल्या कॉन्ट्रास्टमध्ये आभास कसलाच नाही. उजळ आणि गडद यांच्यातले ते खरेखुरे अंतर आहे, आणि ते मोजता येते. नेहमीच्या डिजिटल (आठ बिटांच्या) कृष्णधवल फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की मधल्या करड्यापासून दोन्ही बाजू लांब जातात. समजा, ९० वरचा ठिपका (पिक्सेल) ७० वर उतरतो आणि १८० वरचा २०० वर चढतो. फारच ओढले तर टोकांचे ठिपके ० किंवा २५५ वर जाऊन साचतात आणि तिथला तपशील पुसला जातो.

याला मराठीत आधीपासूनच एक सुरेख शब्द आहे: उठाव. चित्राला उठाव येणे, उठावदार रंग, उठून दिसणे, उठावशिल्प ही सगळी एकाच घरातली मंडळी. ‘उठाव वाढवा’ असे पट्टीवर लिहिले तर बोट कुठे सरकवायचे हे कोणालाही कळेल. बंड किंवा मालाची मागणी हे त्याचे दुसरे अर्थ फोटोसमोर बसलेल्या माणसाच्या मनातही येणार नाहीत. एक आक्षेप मात्र रास्त आहे. उठाव हा परिणाम आहे, आणि तो रंग गडद करून किंवा कडा धारदार करूनही साधतो. तांत्रिक लेखनात काटेकोरपणा हवा असेल तिथे मी ‘प्रकाशभेद’ लिहीन. तेही नको वाटले तर सरळ ‘कॉन्ट्रास्ट’ लिहावे, तो शब्द रुळलेला आहे.

‘टोन’साठी ‘स्वर’ हा शब्द गाण्याकडे नेतो आणि ‘रंगछटा’ रंगाकडे. पारख सोपी आहे: फोटो कृष्णधवल करा. लाल-निळे निघून गेल्यावर जे उरते तो टोन. त्याला नुसते ‘छटा’ म्हणावे: गडद छटा, मध्यछटा, उजळ छटा. अ‍ॅपमध्ये कोणती छटा किती उजळ किंवा गडद करायची हे ठरवणारी एक रेघ असते, टोन कर्व्ह. तो म्हणजे मग छटांचा वक्र. त्याला इंग्रजी एस अक्षरासारखा हलका बाक दिला, म्हणजे खालचा भाग थोडा खाली आणि वरचा थोडा वर, की मध्यछटांमध्ये उठाव येतो आणि टोके बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

जाता जाता अ‍ॅपमधल्या ‘शॅडोज’ या पट्टीबद्दल. त्याचे ‘सावल्या’ असे भाषांतर करतात, तेही फसवे आहे. भर उन्हातले काळेभोर केस सावलीत नसतात, तरी ती पट्टी सरकवली की तेही उजळतात. उलट बर्फावर पडलेली फिकट सावली पुष्कळदा जागची हलत नाही. सॉफ्टवेअर सावली ओळखत नाही, तो भाग किती काळा आहे हे पाहते, म्हणून तिथे ‘गडद भाग’ लिहावे.