मॅक्रो फसला की आधी विस्तार छाप

भाऊ, लिस्पमधला मॅक्रो, म्हणजे कोड लिहून देणारा कोड, फसला की लिस्पचं जावास्क्रिप्ट करणाऱ्या कंपायलरने काढलेलं जावास्क्रिप्ट वाचत बसू नको. आधी लिस्पचं मॅक्रोएक्स्पांड-१ हे फंक्शन चालवून एकाच पायरीचा विस्तार, म्हणजे मॅक्रोने लिहून दिलेला कोड, छाप. पूर्ण विस्तार मागितला तर आतले मॅक्रोही उलगडतात आणि बिघाड नेमका कुठे झाला ते हरवतं.

विस्तार बरोबर असेल तर मॅक्रो सोड, कोड जनरेटर, म्हणजे कंपायलरचा जावास्क्रिप्ट लिहिणारा भाग, धर. शून्य हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार: अटीत तो लिस्पमध्ये खरा, जावास्क्रिप्टमध्ये खोटा.

विस्तारच चुकलेला असेल तर मॅक्रोला दिलेलं एकच आर्ग्युमेंट (इनपुट) त्यात दोनदा आलंय का बघ. दिसायला निरुपद्रवी, पण तिथे कोणी काउंटर वाढवणारं फंक्शन दिलं की ते दोनदा चालतं. मग मॅक्रोतलं ‘टेम्प’ नावाचं व्हेरिएबल मॅक्रो वापरणाऱ्याच्या ‘टेम्प’ला गिळतंय का ते तपास. त्यावर उपाय जेनसिम, म्हणजे कुठेच न वापरलेलं नाव बनवून देणारं फंक्शन, पण ते नावही दर विस्ताराला नवं हवं.

इथेच खरी मेख आहे. जावास्क्रिप्टच्या नावात डॅश चालत नाही, म्हणून काही कंपायलर त्याचा अंडरस्कोअर करतात. लिस्पमध्ये वेगळी असलेली दोन नावं तिथे एक होतात! नावांची टक्कर तपासायची ती या बदलानंतर.

रविवारी फुटाळा तलावावर येशील तेव्हा बिघडणारी सगळ्यात छोटी ओळ घेऊन ये. अख्खी फाइल नको, बाप्पा.